बसलेला कोपरा

काठी आधी जाते, माणसं मागून. राखणदार वाळल्या गवतावर फटके मारत पुढे सरकतो, प्रत्येक दगडाच्या कडेला थांबतो, काठी आपटतो आणि मगच "या" म्हणतो. अलिबागच्या या पट्ट्यात फुरसं मातीच्याच रंगाचं असतं आणि दगडाखालची गार जागा त्याला भारी आवडते. काकू पायात बूट घालून आल्या आहेत. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यांचा भाचा मात्र सँडलवर आलाय, आणि राखणदार त्याच्या उघड्या बोटांकडे पुन्हा पुन्हा बघतोय.

काकू ठाण्याच्या, माझ्या शेजारच्या. भाचा इस्राएलमधल्या अश्दोदचा, जन्मानंही तिथलाच. घरात मराठी टिकली म्हणून बोलतो बरी, वाचता मात्र येत नाही. वडलांच्या बाजूची जी माणसं इथे कोकणात मातीत आहेत, त्यांच्या कबरी नीट करायच्या म्हणून तो रजा काढून आलाय. मी सोबतीला. काम रविवारी सुरू होतंय, कारण काल शनिवार. "शनवारी तुमचा खाडा," हे मिस्त्रीला सांगावं लागलं नाही. त्याच्या आज्यापासून या गावाला ते ठाऊक आहे. घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून इथल्या यहुद्यांना, बेने इस्राएलांना, अख्खं कोकण शनवार तेलीच म्हणायचं.

कब्रस्तान म्हणजे पाऊण एकराचा उतार. एका बाजूला सुपारीची वाडी, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी बंगल्याची नवीकोरी भिंत, वर काचा लावलेली. मांडव्याला २०२० साली रो-रो सुरू झाली, मुंबईच्या गाड्या थेट बोटीतून उतरायला लागल्या आणि इथल्या जमिनीला जे भाव आले ते ऐकून राखणदारसुद्धा मान हलवतो. भिंत नेमकी हद्दीवर आहे की आत आलीय, यावर त्याचं आणि काकूंचं बोलणं चाललंय. हद्दीचा दगड कुठे होता ते त्याला माहीत आहे. "इथं होता," तो पायानं दाखवतो. तिथे आता भिंतीचा पाया आहे. मोजणीचा अर्ज करायला हवा, सातबारा काढायला हवा, सातबाऱ्यावर विश्वस्तांची जी नावं आहेत त्यातलं कोण हयात आहे ते बघायला हवं. काकू पिशवीतून वही काढून लिहून घेतात. मला विचाराल तर कबरीच्या दुरुस्तीचं पहिलं कलम हेच. दगड वाकडा झाला तर सरळ करता येतो, जमीनच गेली तर कुठला दगड नि कुठला कोपरा!

घाणेरी तोडायला बराच वेळ जातो. कोयता बुंध्याशी मारायचा, ओढायचं नाही, कारण मुळं दगडांच्या सांध्यात शिरलेली असतात आणि ओढलं की चिरा निघून हातात येतो. राखणदाराची सून तोडलेल्या फांद्या भिंतीकडे नेऊन टाकते. जरा जोरातच टाकते.

हळूहळू आवार दिसायला लागतं. जांभ्याच्या चिऱ्यांची एक चौकट, तिच्यात तीन कबरी. काकूंचे आजोबा, आजी आणि वडील. वडलांच्या शेजारी एका कबरीएवढी जागा मोकळी आहे, नुसतं सपाट गवत. ती काकूंच्या आईसाठी राखलेली होती. पण १९६०च्या दशकात मुलाबरोबर आई इस्राएलला गेली, ती तिकडे दिमोनाच्या वाळूत आहे. काकू स्वतः ठाण्यात राहिल्या. त्या मोकळ्या जागेबद्दल कुणी काही बोलत नाही. चौकटीच्या कोपऱ्यात मात्र, गवत निघाल्यावर, गोट्यांची एक बोटभर उंचीची ओळ दिसते. भाचा त्यातला एक गोटा पायानं सरकवणार तोच काकूंचा आवाज चढतो.

"तिथं नको! तो बाळ आहे."

काकूंच्या आधीचा भाऊ, महिन्याचासुद्धा झाला नव्हता. त्याला दगड नाही, नाव नाही. मिस्त्री न सांगता चार काटक्या आणतो, ओळीच्या चारी बाजूंना रोवतो आणि सुतळी बांधतो. एवढी जागा कामातून वगळली.

मिस्त्री साठीचा, आगरी, बोलायला कमी. आल्याबरोबर त्यानं हत्यारांना हात लावलेला नाही. तीन कबरींभोवती दोन फेऱ्या मारल्या, मग आजोबांच्या कबरीशी उकिडवा बसला. ओळंबा काढला, उभ्या दगडाशी धरला. दगड पुढे झुकलाय, चांगला चार बोटं. उजवा कोपरा बसलाय. मिस्त्री कोपऱ्याखालच्या मातीत हात घालतो, तो कोपरापर्यंत आत जातो.

"घूस," तो म्हणतो. "बिळ आहे. पावसाचं पानी आत शिरलं, माती घेऊन गेलं. दगराचा काय दोष नाय."

भाच्याच्या मनात मात्र वेगळं आहे. तो मोबाइलवर फोटो दाखवतो. काळा ग्रॅनाइट, आरशासारखी चकाकी, सोनेरी अक्षरं, खाली सगळीकडे पांढरी फरशी. अश्दोदला आजकाल असंच करतात म्हणे. गवत नाही, कटकट नाही, वर्षातून एकदा पाणी मारलं की झालं. त्यानं अलिबागमध्ये दरही काढून आणलाय. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. तो चार हजार किलोमीटरच्या आसपास लांब राहतो, दर पावसाळ्यानंतर कोयता घेऊन येऊ शकत नाही, आणि काकूंचे गुडघे अजून किती साथ देणार? एकदाच काय ते पक्कं करून टाकू, असं त्याला वाटतं. पैसे तोच देणार आहे.

काकू फोटो बघतात. चष्मा वर करून पुन्हा बघतात.

"हा कुणाचा आहे?"

"कुणाचा नाही आत्या. नमुना आहे."

"तेच म्हणते मी."

विषय तिथेच राहतो. दोघंही आपापल्या जागी ठाम. मिस्त्री मधे पडत नाही, तो पहार शोधतोय.

उभा दगड उचलण्याचं काम बघण्यासारखं आहे. आधी त्याला मागून दोन वासे टेकवले, पुढून गोणपाटात गुंडाळला. मग चौथऱ्याचा सांधा खरवडायला घेतला. इथे कधीतरी कुणी सिमेंट भरलंय. चांगल्या मनानंच भरलं असणार. पण ते सिमेंट दगडाहून कडक झालं, पाण्याला बाहेर पडायला वाट राहिली नाही, आणि ओल संगमरवरातच मुरत राहिली. खालची वीतभर पाटी पिठूळ झालीय, बोट फिरवलं की पांढरी भुकटी लागते. मिस्त्री छिन्नी आडवी धरून, हातोडी जेमतेम पेलत, सिमेंटाच्या कपच्या काढतो. टिक टिक टिक, थांबून फुंकर, पुन्हा टिक टिक. तासाभरात दोन हात सांधा मोकळा होतो आणि आत लाल, फुगलेलं, पापुद्रे सुटलेलं काहीतरी दिसतं.

लोखंडी खुंटी. दगड आणि चौथरा जोडायला घातलेली. खारी हवा, चार महिने पाऊस, लोखंड गंजणारच. गंजलं की फुगतं आणि फुगलं की दगडाला आतून फोडतं. पाटीवर खालपासून नावाच्या ओळीपर्यंत जी चीर गेलीय ती कशानं, हे आता कळतं. मघापर्यंत आम्ही सगळे झाडाच्या मुळाला बोल लावत होतो. मिस्त्री खुंटी चिमट्यानं धरून हलवत हलवत काढतो आणि भाच्याच्या तळहातावर ठेवतो. ती हातातच भुगा होते.

"आता पितळी घालू," मिस्त्री म्हणतो. "पितळ फुगत नाय."

दगड आडवा गोणपाटांवर निजवल्यावर धुण्याचं काम भाचा स्वतःकडे घेतो. त्यानं येताना दुकानातून ॲसिडची बाटली आणलीय, संडास धुतात ती. झाकण उघडतो तोच मिस्त्री त्याचा हात धरतो. बाटली घेतो, पाटीची तुटून पडलेली एक कपची उचलतो, चौथऱ्यावर ठेवून तिच्यावर चार थेंब टाकतो. कपची खदखदते. पांढरा फेस येतो, बुडबुडे फुटतात, आणि फेस बसल्यावर मघाची गुळगुळीत बाजू खडबडीत, खाल्लेली दिसते. भाचा वाकून बघतोय. संगमरवर म्हणजे चुन्याचाच दगड. ॲसिड त्यावरचा मळ काढत नाही, मळाखालचा दगडच काढून नेतं, म्हणून तर तो इतका पांढराशुभ्र दिसतो.

"आज सफेद दिसंल. अजून दोनदा असा धुवाल, तर नाव रहायचा नाय."

मग बादलीभर साधं पाणी, मऊ ब्रश आणि बांबूच्या चार चिपा. तारेचा ब्रश मिस्त्रीनं पिशवीतून बाहेरच काढलेला नाही. आधी अख्खा दगड भिजवायचा, मग खालच्या टोकाकडून वर घासत जायचं, वरून खाली नाही. वरचं मळकं पाणी खालच्या कोरड्या दगडावर ओघळलं की डाग मुरतात. शेवाळ लगेच सुटतं. करडे गोल ठिपके मात्र चिवट, ते भिजू द्यायचे आणि बांबूच्या चिपेनं सावकाश खरवडायचे. भाचा एका अक्षराशी दहा मिनिटं घालवतोय. ग्रॅनाइटचा फोटो दाखवणारा हाच का तो माणूस, असं मला वाटून जातं.

अक्षरं शिशाची आहेत. दगडात अक्षर खोदायचं, खाचेत बारीक भोकं पाडायची, शिशाची पट्टी ठोकून बसवायची आणि वरून घासून सपाट करायची. पूर्वीची ही चाल. शिसं रंगासारखं उडत नाही, पण उचकटून पडतं. इथे कितीतरी ठिकाणी पडलंय, नुसती भोकांची रांग उरलीय. वर हिब्रू, खाली मराठी. मराठीतलं नाव शाबूत आहे, वडलांचं नावही. आडनाव गावावरून पडलेलं, केहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर अशा माळेतलंच एक. तारखेच्या ओळीत महिना गेलाय आणि सालातला शेवटचा आकडा गेलाय. एक, नऊ, दोन, पुढे भोकं.

"सव्वीस," काकू म्हणतात. "नाहीतर अठ्ठावीस. बाबा लहान होते एवढं ठाऊक."

ऊन डोक्यावर आलंय. सरळ उन्हात खोदीव अक्षर दिसत नाही, सगळं सपाट पांढरं होऊन जातं. राखणदाराची सून घरी जाऊन भिंतीवरचा आरसा घेऊन येते. दगडावर छत्री धरून सावली केली जाते आणि आरशानं ऊन बाजूनं, अगदी दगडाला घासून पाडलं जातं. एकदम प्रत्येक खाचेला काळी कड येते. हिब्रूची जी ओळ मघाशी नुसती खरखर वाटत होती ती वर येते. भाचा गुडघ्यावर बसतो. उजवीकडून डावीकडे बोट फिरवतो.

"शेवात. महिना शेवात आहे. पुढे तव, रेश, पे, वाव."

हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते. तव चारशे, रेश दोनशे, पे ऐंशी, वाव सहा. सहाशे शहाऐंशी. वरचे पाच हजार लिहीत नाहीत, गृहीत धरतात. म्हणजे यहुदी वर्ष ५६८६. ते सुरू झालं १९२५च्या सप्टेंबरात, शेवात येतो जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला. म्हणजे १९२६.

"सव्वीसच," काकू म्हणतात, जणू भांडणात जिंकल्या.

मला त्यात गंमत वाटते ती वेगळीच. या दगडाचं अर्धं काकूंना वाचता येतं, अर्धं भाच्याला. काकू हिब्रू म्हणतात ती पाठांतरानं, अक्षराला अक्षर लावून नाही. दगड कोरणारा बहुधा दोन्ही येणारा नव्हता. हिब्रू कागदावरून बघून उतरवलेलं दिसतं, एक अक्षर जरा कलंडलंय. भाचा ते सुधारून घेऊ म्हणतो. काकू नको म्हणतात. या वेळी तो वाद घालत नाही.

दुपारी राखणदाराच्या ओटीवर पानं मांडली जातात. घरात कोळंबीचं कालवण आहे, त्याचा वास अंगणभर. काकूंना आणि भाच्याला वेगळी पापलेटं तळलीत, कारण खवलं आणि पर नसलेलं पाण्यातलं काहीही त्यांना चालत नाही. हे या घराला पिढ्यांपासून माहीत. राखणदाराच्या आजोबांनी इथलं गवत कापायला सुरुवात केली तेव्हा गावात इस्राएलांची घरं होती. ती एकेक करून मुंबईला गेली, मग तिकडे. तेव्हापासून दिवाळीनंतर गवत कापायचं आणि त्याचे जे मिळतील ते घ्यायचे. कधी कुणाची मनिऑर्डर यायची, कधी नाही. आता भाच्याच्या फोनवरून येतात. मधली पंधरा-वीस वर्षं कुणीच काही पाठवत नव्हतं, असं राखणदार सहज सांगून जातो. तेव्हा गवत कोण कापायचं, मी विचारतो. "आमीच," तो म्हणतो आणि मला आणखी भात वाढायला सुनेला खूण करतो.

जेवताना भाचा नवगावचं विचारतो. काल तो किनाऱ्यावर जाऊन आला. जहाज फुटून सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, वाहून आलेल्या प्रेतांना त्यांनी तिथे पुरलं, ही बेने इस्राएलांची मूळकथा. तिथे आता स्मारकाचा खांब आहे. त्याला फोटो काढताना बघून कुणी तरी विचारलं, तुम्ही कुठले? तो म्हणाला, इथलाच. सांगताना तो स्वतःच हसतो.

दुपारनंतर खरं जड काम. बिळात आधी दगडांच्या कपच्या ठोकून भरल्या, मग मुरूम, वर पाणी, मग धुमस. पुन्हा मुरूम, पुन्हा धुमस. मिस्त्री आवाज ऐकतो. पोकळ लागला तर आणखी भर. चौथऱ्याचा बसलेला चिरा पहारीनं उचलून खाली पाचर घातली, एक धागा लावला, दोन्ही कोपरे एका पातळीत आल्यावर पाचरेच्या जागी चपटे दगड सारले. गारा सिमेंटाचा नाही. चुना आठ दिवसांपासून पिंपात विरवून ठेवलेला, लोण्यासारखा मऊ, त्यात चाळलेली वाळू आणि विटांची सुरखी. तो गारा दगडापेक्षा नरम राहतो. पुढे कधी हललंच तर गारा फुटेल, दगड नाही. पाणी आत राहणार नाही, सांध्यातून निघून जाईल. उद्या कुणाला दगड पुन्हा काढायचा झाला तर छिन्नीच्या दोन टोल्यांत सुटेल. मिस्त्री हे सगळं एका दमात बोलतो. आजचं त्याचं हे सर्वांत मोठं भाषण.

पितळी खुंट्या बसतात. पाच जण मिळून दगड उभा करतात. मीही हात लावतो, पण मला वाटतं माझ्या हाताचं ओझंच जास्त होतंय. ओळंबा लावला जातो. दोरा दगडाच्या कडेशी एकसारखा लागतो. भाचा मागे सरून बघतो. चीर आहे तशीच दिसते, फक्त तिच्यात चुना भरलाय. पाटी पांढरीशुभ्र नाही, जुन्या दातासारखी पिवळट आहे.

"ग्रॅनाइटवाल्याला फोन करायला हवा," तो म्हणतो. "सोमवारी माल पाठवतो म्हणाला होता."

"कर," काकू म्हणतात. "नको म्हणून सांग. आणि फरशीचंही."

तो लगेच करत नाही. खिशात हात घालून जरा वेळ तसाच उभा राहतो. मग बाजूला जाऊन फोन लावतो.

प्रार्थनेसाठी काकूंनी डोक्यावर पदर घेतलाय, भाच्यानं टोपी घातलीय. काद्दिश म्हणता येणार नाही. त्याला दहा प्रौढ पुरुष लागतात, मिनियान. अलिबागच्या इस्राएल आळीतलं सिनेगॉग, मागेन अबोथ, उभं आहे, पण आळीत घरं मोजकीच राहिलीत आणि दहा पुरुष जमवायचे तर फोनवर फोन करावे लागतात. काकू तहिलीममधलं एक स्तोत्र म्हणतात, मग भाचा हश्काबा, मृतांसाठीची प्रार्थना, म्हणतो, तिन्ही कबरींसाठी तीनदा, प्रत्येकाचं नाव घेऊन. सुतळी बांधलेल्या कोपऱ्याशी तो थांबतो, काकूंकडे बघतो. बाळाचं नाव काय घ्यायचं? काकू मान हलवतात. नाव ठेवायच्या आधीच गेला की काय, की त्यांनाच कुणी सांगितलं नाही, मी विचारत नाही.

दोघंही खाली वाकून खडे शोधतात आणि प्रत्येक कबरीवर एकेक ठेवतात. मिस्त्री खडा ठेवत नाही. तो गोणपाट भिजवून ताज्या सांध्यांवर पसरतोय.

"हे सात दिवस ओलं पाहिजे," तो राखणदाराच्या सुनेला बजावतो. "सकाल-संध्याकाल. चुना घाईनं सुकला तर भेगा मारतो. कुत्री येऊन बसतील, त्यांना हाकल."

"आणि आजीचा?" भाचा विचारतो. आजीचा दगड सरळ आहे, पण खाली तेच सिमेंट, म्हणजे आत तीच लोखंडी खुंटी असणार.

मिस्त्री जाऊन आजीच्या दगडावर बोटाच्या पेरानं टकटक करतो, कान लावतो. "अजून फुटला नाय. पण फुटंल. होलीच्या आधी करून टाकू, मंग पाऊस." तो हिशेब सांगतो. चुना किती, मजुरी किती, पितळ महाग झालंय. भाचा फोनमध्ये लिहून घेतो. राखणदार मधेच म्हणतो की भिंतीकडच्या बाजूला आणखी सात-आठ कबरी अशाच कललेल्या आहेत, त्यांचं कुणी येत नाही. काकू वही उघडतात, कोणती आडनावं वाचता येतात ते बघून सांग म्हणतात, ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये विचारून बघते.

निघताना फाटकाशी तांब्याभर पाणी ठेवलेलं आहे. काकू हात धुतात, भाचा धुतो, मीही धुतो. मिस्त्रीचे हात चुन्यानं भरलेत, तो म्हणतो मी घरीच धुतो, आणि भाच्याला विचारतो की उरलेल्या ॲसिडच्या बाटलीचं काय करायचं.

"तुम्हाला संडासाला होईल?"

"होईल की," मिस्त्री म्हणतो आणि बाटली सायकलच्या पिशवीत टाकतो.